महाविद्यालयीन बास्केटबॉल : एका हंगामात संघ कसा घडतो?

महाविद्यालयांचे वर्ग सुरू झाले की जिमखाना विभागाच्या फलकावर संघनिवडीची सूचना लागते. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत बास्केटबॉलच्या निवडीसाठी येणाऱ्या मुला-मुलींपैकी थोड्यांनीच हा खेळ शाळेत खेळलेला असतो. अनेकजण खो-खो, कबड्डी किंवा धावण्याच्या शर्यतींकडून इकडे वळलेले असतात. अशा खेळाडूंचा संघ पहिल्या सामन्यात मोठ्या फरकाने हरला तर त्यात नवल नाही. परंतु तोच संघ चार-पाच महिन्यांनी तुल्यबळ लढत देऊ लागतो, तेव्हा 'मुले तयार झाली' एवढेच म्हणून आपण थांबतो. ती कशी तयार झाली, कोणत्या क्रमाने झाली आणि ज्या संघात असा बदल होत नाही तेथे काय राहून जाते, हे पाहणे शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

वर्गातून जन्मलेला खेळ

बास्केटबॉल हा जन्मानेच विद्यार्थ्यांचा खेळ आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ हे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. कडक हिवाळ्यात बाहेर खेळता येत नसल्याने कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यात आल्या व प्रत्येक बाजूस नऊ विद्यार्थी उभे राहिले. टोपल्यांची ती उंची आजही कायम असून नियमपुस्तकात ती ३.०५ मीटर अशी नोंदलेली आहे.

नाइस्मिथ यांच्या मूळ तेरा नियमांपैकी एक नियम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. चेंडू हाती घेऊन खेळाडूने धावावयाचे नाही. जेथे चेंडू मिळाला तेथूनच तो सहकाऱ्याकडे फेकावयाचा. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची पद्धत मागाहून रूढ झाली. याचा अर्थ असा की, चेंडू दुसऱ्याला देणे हा या खेळाचा पाया आहे. संघाची प्रगती पाहताना या पायाकडेच प्रथम परतावे लागते.

भारतात हा खेळ वाय.एम.सी.ए.च्याच द्वारे पसरला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांचा त्यात मोठा वाटा होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ उतरला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट, कष्टकरी वस्तीतील मैदानांवर खेळून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले व १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. वस्तीजवळ एक पक्के मैदान असणे किती मोलाचे असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सोलापूरची संधी

सोलापुरातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात बारा जागा. त्या बारांत येण्यासाठी सोलापूरच्या खेळाडूला कोल्हापूर, सांगली, सातारा येथील खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे, आणि निवड चाचणी वा शिबिर कोल्हापुरास असेल तर दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास घडे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. केवळ एका जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या बदलामुळे जिल्ह्याला विद्यापीठ संघाच्या बाराही जागा मिळाल्या. बार्शी, पंढरपूर, अकलूज किंवा सांगोल्याच्या विद्यार्थ्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार पूर्वीपेक्षा जवळ आले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारात शिकत असले तरी त्यांच्या स्पर्धा शालेय क्रीडा स्पर्धांच्या एकोणीस वर्षांखालील गटात, जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होतात. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठ घेते आणि तेथून निवडलेला संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. दोन्हींचे मैदान व पुष्कळदा शिक्षकही एकच असतात. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांना वरिष्ठांबरोबर सराव दिला, तर पुढील तीन वर्षांच्या संघाची बेगमी आपोआप होते.

हंगामाचे टप्पे

पहिले तीन-चार आठवडे पायांचे असतात. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद मैदानावर दहा-दहा मिनिटांचे चार डाव खेळावयाचे असतात. त्यात खेळाडू सतत एका वेगाने धावत नाही. तो झेपावतो, थबकतो, वळतो, उडी मारतो. म्हणून मैदानाला फेऱ्या मारण्याइतकेच महत्त्व थांबण्याच्या आणि उडीनंतर नीट उतरण्याच्या सरावाला आहे. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पायांवर भार घेऊन उतरण्याची सवय प्रारंभीच लावली, तर गुडघ्याच्या गंभीर दुखापती टळण्यास मदत होते. मुलींमध्ये अशा दुखापतींचे प्रमाण मुलांहून अधिक आढळते, त्यामुळे त्यांच्या संघात हा सराव कधीही वगळू नये.

दुसरा टप्पा चेंडू देण्या-घेण्याचा. नवा खेळाडू चेंडू हाती येताच रिंगकडे पाहतो; जाणता खेळाडू प्रथम सहकाऱ्यांकडे पाहतो. नियमाप्रमाणे चेंडू मिळाल्यापासून आठ सेकंदांत तो आपल्या अर्ध्या मैदानातून पुढे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत नेम साधावा लागतो. हा वेळ नवख्या संघाला अपुरा वाटतो, कारण चेंडू एकाच्याच हातात अडकून राहतो. तीन-चार अचूक पास झाले की तोच वेळ पुरेसा वाटू लागतो.

तिसरा टप्पा बचावाचा. प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला रोखावयाचे ही एक पद्धत, तर रिंगभोवतीचा भाग वाटून घेऊन आपापली जागा राखावयाची ही दुसरी. दुसरी पद्धत नवख्यांना सोपी वाटते. परंतु पहिली न शिकता तिचा आश्रय घेतला, तर पायांचा आळस लपतो आणि तो नेमका मोठ्या सामन्यात उघडा पडतो. बचाव करताना बोलणे हेही शिकवावे लागते. मागे कोण आहे, कोण मोकळा राहिला, हे एकमेकांना सांगणारा संघ उंचीने कमी असूनही टिकाव धरतो.

चौथा टप्पा प्रत्यक्ष सामन्यांचा. येथे आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असला तरी येथील पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि सराव ऐन भरात येण्याचे दिवसही तेच असतात. ओल्या सिमेंटवर धावणे धोक्याचे असते. अशा दिवशी सराव रद्द न करता वर्गखोलीत फळ्यावर खेळाच्या आखण्या समजावणे, व्हरांड्यात पासचा व तोल सांभाळण्याचा सराव घेणे शक्य असते.

प्रगती मोजावी कशी?

संघ सुधारला की नाही, हे केवळ हार-जितीवरून ठरत नाही. प्रतिस्पर्धी दुबळा असला तर विजयही फसवा असतो. त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. राखीव खेळाडूंपैकी एकाने प्रत्येक सामन्यात चार गोष्टींची नोंद ठेवावी : नेम न साधताच चेंडू किती वेळा हातचा गेला, किती नेम घेतले व किती साधले, रिंगवरून परतलेले किती चेंडू मिळाले आणि फ्री थ्रो किती यशस्वी झाले.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. समजा, एका सामन्यात संघाला सत्तर वेळा चेंडू मिळाला आणि त्यातील तीस वेळा तो चुकीच्या पासमुळे वा नियमभंगामुळे गेला. उरले चाळीस नेम. शंभरात तीस या प्रमाणात त्यांतील बारा साधले, तर दोन-दोन गुणांप्रमाणे चोवीस गुण झाले. आता नेमबाजी तितकीच राहिली, परंतु चेंडू गमावणे तिसावरून विसावर आले, तर नेम होतील पन्नास, साधतील पंधरा आणि गुण होतील तीस. कोणाचाही नेम न सुधारता सहा गुण वाढले! त्याबरोबर नेमाचे प्रमाण शंभरात छत्तीसवर गेले, तर पन्नासपैकी अठरा साधून छत्तीस गुण होतात. वीस फ्री थ्रोंपैकी आठाऐवजी बारा साधले, तर आणखी चार गुणांची भर पडते. अटीतटीचे सामने याहून कमी फरकाने सुटतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वहीचे महत्त्व पटते.

वहीचा दुसरा लाभ असा की, गुण न नोंदविणाऱ्या खेळाडूचेही काम दिसू लागते. परतलेले चेंडू मिळविणारी, चेंडू न गमावणारी मुलगी टाळ्या मिळवीत नाही. पण तिच्यामुळे संघ उभा राहतो, हे आकडे सांगतात.

मैदानाबाहेरील सामना

हंगामात संघ मागे पडतो तो अनेकदा मैदानाबाहेरील कारणांमुळे. पाचचे तास संपवून सराव सुरू करावा तर थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधार पडतो. गावाकडून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला शेवटची सोयीची गाडी गाठावयाची असते. अशी मुलगी आठवड्यातून तीन दिवस सरावाला मुकली की तिची जागा जाते, आणि तिला 'गोडी नाही' असा शेरा मिळतो. बसच्या वेळा पाहून सरावाची वेळ सकाळी ठेवणे, पालकांना एकदा मैदानावर बोलावून घेणे, एवढ्यानेही पुष्कळ मुली टिकतात.

दुसरे कारण रक्तक्षयाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. दुसऱ्या डावातच धापा टाकणारी खेळाडू आळशी नसते; तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच कमी असते. हंगामाच्या आरंभी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतली आणि वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तर दोन-तीन महिन्यांत पडणारा फरक कोणत्याही सरावाने पडणार नाही. आहारासाठीही परदेशी डब्यांची आवश्यकता नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, हुलग्याचे माडगे, मोड आलेली कडधान्ये, ताक आणि सोलापूरची शेंगादाण्याची चटणी हे पदार्थ घरचेच आहेत. शेंगदाण्याच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात.

तिसरे कारण परीक्षेचे. सत्रपरीक्षा व स्पर्धा लागोपाठ आल्या की पालक प्रथम खेळ बंद करतात. सरावाचे व अभ्यासाचे वेळापत्रक प्राचार्य, वर्गशिक्षक व शारीरिक शिक्षण संचालक यांनी मिळून आखले, तर ही ओढाताण कमी होते.

एकमेकांचा तोल

मकरसंक्रांतीस सोलापुरात श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. उंच नंदीध्वज तोलून चालणे हे एकट्याच्या बळाचे काम नाही. त्यासाठी अगोदर सराव करावा लागतो. धरणाऱ्याइतकेच सावरणाऱ्यांचे लक्ष जागे असावे लागते. सोलापूरकरांना संघभावना म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. बास्केटबॉलचा संघही असाच घडतो. चेंडू एकाच्या हाती असतो, तोल पाचांनी राखावयाचा असतो.

सर्वांचा वाटा

शासकीय व निमशासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाची तरतूद महाराष्ट्रात २००५ पासून आहे. मात्र त्या पात्रतेपर्यंत पोहोचणारे खेळाडू मोजके असतात. उरलेल्यांना हंगामातून काय मिळाले, हाच खरा प्रश्न होय. वेळ पाळण्याची सवय, हरल्यानंतर वही उघडून चूक शोधण्याची वृत्ती, आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत, चारचौघांत मोठ्याने बोलून सहकाऱ्याला सावध करण्याचा आत्मविश्वास, ही कमाई पदवीनंतरही टिकते.

त्यासाठी लागणारी साधने फार नाहीत. पंचायत सदस्यांनी गावच्या माध्यमिक शाळेत क्रीडांगण विकासाच्या अनुदानातून एक सपाट, पक्के मैदान व दोन भक्कम खांब उभे राहतील असे पाहावे. शाळेतील शिक्षकांनी आठवी-नववीपासून मुला-मुलींच्या हाती चेंडू द्यावा. महाविद्यालयांनी संघाची निवड सत्राच्या पहिल्याच पंधरवड्यात उरकावी आणि आरोग्य तपासणीस सरावाइतकेच महत्त्व द्यावे. तसे झाल्यास जुलै महिन्यात जिमखान्याच्या फलकाखाली बिचकत उभी राहिलेली मुलगी डिसेंबरात विद्यापीठाच्या गणवेशात पश्चिम विभागाच्या स्पर्धेसाठी गाडीत बसलेली दिसेल. आणि ज्यांची निवड झाली नाही, त्या तिच्या सहकारी पुढील जुलैत पुन्हा त्याच फलकाखाली, या खेपेस न बिचकता, उभ्या राहतील.