गेस्ट कर्नल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी यंत्रे नांदावीत आणि प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणालीचा अंमल चालावा, ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमच्या अजस्र यंत्रांवर ती १९६० च्या दशकातच प्रत्यक्षात आली होती. तथापि लिनक्सचा कर्नल स्वतः घडविणाऱ्या अभ्यासू मंडळींतही, तो आभासी यंत्रात गेस्ट म्हणून चालवायचा झाल्यास कोणते विकल्प ठेवावेत आणि कोणते वगळावेत, याविषयी कित्येक समजुती रुजवात न होताच चालत आल्या आहेत. आपण कोणाच्या आश्रयाने राहतो हे गेस्ट कर्नलला कळण्याचे कारण नाही, ही धारणा त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी आहे, आणि ती मला सर्वांत अनर्थकारक वाटते.

पहिला घोटाळा नामसादृश्यातून उद्भवतो. केव्हीएमवर, म्हणजे लिनक्स कर्नलमधीलच आभासी यंत्रे चालविणाऱ्या सुविधेवर, चालवायचा कर्नल म्हणून त्यात ‘केव्हीएम’ हा विकल्प निवडला की काम झाले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो विकल्प, आणि इंटेल व एएमडी यांच्यासाठी असलेले त्याचे दोन पोटविकल्प, हे होस्टचे, म्हणजे इतरांना आश्रय देणाऱ्या कर्नलचे आहेत. गेस्टला हवा असतो तो ‘केव्हीएम गेस्ट’ हा निराळा विकल्प, आणि तो ‘पॅराव्हर्ट’ निवडल्याखेरीज उपलब्धच होत नाही. गेस्टच्या पोटात पुन्हा दुसरे आभासी यंत्र चालविण्याचा मनसुबा असेल, तरच पहिल्याची गरज.

आभासी यंत्रासाठी कर्नल समूळ बदलावाच लागतो, ही दुसरी समजूत एके काळी सत्य होती. जुन्या एक्स-८६ प्रोसेसरांत ‘पॉपएफ’सारख्या काही आज्ञा अशा होत्या की, अधिकार कमी असलेल्या प्रोग्रॅमने त्या दिल्या असता प्रोसेसर तक्रार न करता त्यांचा काही भाग निमूटपणे गाळून टाकी, आणि आभासी यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या हायपरवायझरला त्याची वार्ताही लागत नसे. म्हणूनच केंब्रिज विद्यापीठात निर्माण झालेल्या व २००३ साली विद्वत्सभेपुढे मांडल्या गेलेल्या ‘झेन’ या हायपरवायझरने गेस्ट कर्नलमध्येच फेरफार करण्याचा मार्ग पत्करला. पुढे २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच साहाय्य दिल्यावर अस्पर्शित कर्नलही गेस्ट म्हणून चालू लागला, आणि फेब्रुवारी २००७ मधील लिनक्स २.६.२० बरोबर केव्हीएम मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झाले. परंतु यावरून लोकांनी उलट टोकाचा निष्कर्ष काढला, की आता गेस्टसाठी विशेष तजवीज करणेच नको.

हा निष्कर्ष सर्वाधिक महाग पडतो तो डिस्क आणि नेटवर्क यांच्या बाबतीत. होस्टने इंटेलच्या एखाद्या जुन्या, सर्वपरिचित नेटवर्क कार्डाचे सोंग घेतले, तर कोणताही कर्नल त्याला ओळखतो हे खरे. पण त्या कार्डाच्या रजिस्टरला गेस्टने हात लावला की बहुधा प्रोसेसरला गेस्ट सोडून होस्टकडे जावे लागते, आणि ही खेप अत्यंत खर्चिक असते. कागदागणिक मामलेदार कचेरीत हेलपाटा घालण्याऐवजी सारे कागद एका दप्तरात बांधून एकदाच रुजू करावेत, तशी व्यवस्था रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’च्या रूपाने घडविली आणि ती २००८ च्या आरंभी लिनक्स २.६.२४ मध्ये आली. सामायिक स्मृतीतील रांगेत गेस्ट आपल्या मागण्या लिहून ठेवतो आणि अनेक मागण्या मिळून एकदाच वर्दी देतो.

मात्र व्हर्टआयओचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून घेतले की पुरे, हाही भ्रमच. मूळ फाइलप्रणालीच व्हर्टआयओ डिस्कवर असेल, तर ती उघडण्यासाठी लागणारे मॉड्यूल त्याच डिस्कवर अडकून पडते, आणि कर्नल मूळ फाइलप्रणाली सापडत नाही असे सांगून थांबतो. अशा वेळी पीसीआय व ब्लॉक हे दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून घ्यावेत, अथवा ते आरंभिक रॅमडिस्कमध्ये घातल्याची खातरजमा करावी. शिवाय कालपर्यंत ‘एसडीए’ म्हणविणारी डिस्क आज ‘व्हीडीए’ होते, हेही ध्यानी ठेवावे. आरंभिक रॅमडिस्क वापरात असेल, तर यूयूआयडीने उल्लेख केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

गेस्टचे विकल्प ठेवलेला कर्नल प्रत्यक्ष यंत्रावर मंदावतो, अशी भीतीही ऐकू येते. वस्तुतः आरंभीच कर्नल आपला निवास ओळखतो आणि हायपरवायझर नसल्यास या विकल्पांमुळे आलेल्या अप्रत्यक्ष हाका काढून तेथे प्रोसेसरच्या मूळ आज्ञा बसवितो. त्यामुळे उरणारा भार नगण्य असतो. प्रमुख लिनक्स वितरणे दोन्हीकडे एकच कर्नल देतात, ती याच बळावर.

घड्याळाचे महत्त्व मात्र फार थोड्यांना उमगलेले दिसते. आभासी प्रोसेसर मध्येच थांबविला जातो, गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलविला जातो. अशा स्थितीत प्रोसेसरच्या गणकावर विसंबणे धोक्याचे असल्याने ‘केव्हीएम क्लॉक’मध्ये होस्टच कालमापनाचा तपशील गेस्टच्या स्मृतीत लिहून ठेवतो. काम तयार असूनही प्रोसेसर दुसऱ्याला दिला गेला त्या काळाचा हिशेबही याच सहकार्यातून मिळतो आणि ‘टॉप’मध्ये ‘एसटी’ या रकान्यात दिसतो. तो हिशेब नसेल तर होस्टवरील गर्दीचे खापर निरपराध प्रोग्रॅमवर फुटते.

शेवटी, पडदा काळा राहिला म्हणजे कर्नल मेला, असे मानून कित्येकजण धडधाकट कर्नल टाकून देतात. आभासी यंत्राला अनेकदा पडदाच नसतो. म्हणून सीरियल कन्सोलचा विकल्प कर्नलमध्ये बांधून घ्यावा आणि आरंभीच्या आज्ञेत ‘टीटीवायएस०’ हा कन्सोल नमूद करावा. कर्नलच्या स्रोतसंचात केव्हीएम गेस्टसाठी जी तयार विकल्पयादी दिलेली आहे, तिच्यात व्हर्टआयओच्या सोबतीने हा कन्सोलही समाविष्ट आहे; प्रथम ती लागू करावी आणि काटछाट करायची ती त्यानंतर.