सूर्याची भट्टी अन् कॅमेऱ्याचा डोळा

छत्रपती संभाजीनगर : औंढा नागनाथच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पामुळे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे नाव मराठवाड्यातही कानावर येऊ लागले आहे. या संस्थेचे मूळ काम वेगळे. सूर्यात होते तसे अणुसंमीलन पृथ्वीवर घडवण्याचे.

फ्रान्समधील ‘इटर’ अणुभट्टीसाठी भारत हायड्रोजनचा 100 किलोव्होल्टचा झोत तयार करतो आहे. प्लाझ्मात हेलियमची ‘राख’ किती साचली, हे त्यावरून कळणार. पण झोतच सरळ जातो का, हे कसे पाहायचे? त्यात सळई धरली तर ती वितळेल. शिवाय भट्टीत शिरणाऱ्या कणांवर विद्युतप्रभार नसतो, त्यामुळे विजेचा प्रवाह म्हणून त्यांना मोजता येत नाही.

इथे कॅमेरा कामी येतो. वाटेतल्या विरळ वायूवर कण आदळले की सुमारे 656 नॅनोमीटरचा तांबडा उजेड पडतो. तो वेगवेगळ्या बाजूंनी टिपला की झोताची रुंदी आणि कल काढता येतो. इटलीतील पादुआच्या ‘स्पायडर’ यंत्रात आणखी एक युक्ती आहे. कार्बनच्या फरशांवर झोत सोडायचा आणि मागून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तापलेले ठिपके बघायचे! 1280 छिद्रांच्या या यंत्राला उच्चदाबाचा वीजपुरवठा भारतानेच दिला.

झोत 7 मिलिरेडियन फाकला, तर 20 मीटरवर कड 14 सेंटिमीटर सरकते. ती भिंतीला लागली की भिंत तापते, मोजमापाला कण कमी उरतात.

मात्र उजेड जास्त म्हणजे कण जास्त, असे नाही. वायू दाटला तरी उजेड वाढतो. म्हणून फोटोसोबत वायूचा दाबही नोंदवावा लागतो.