‘साखर’ आणि ‘पथ्य’ : मधुमेहविषयक दोन शब्दांचा विचार

रोगाचे नाव हे केवळ नाव नसते. तो रोग कशाने होतो व त्यावर काय करावे, याविषयीची एक समजूतही त्या नावाबरोबर समाजात रूढ होत असते. ‘मधुमेह’ या संस्कृत संज्ञेत मूत्राच्या माधुर्याचे लक्षण तेवढे नोंदलेले आहे. बोलण्यात मात्र तिची जागा ‘साखर’ किंवा ‘शुगर’ या शब्दांनी घेतली असून तेलुगूतही या रोगास ‘चक्केर व्याधी’ म्हणतात. लक्षणाचे नाव अशा रीतीने कारणाचे नाव होऊन बसले आणि साखर सोडली की रोग आटोक्यात आला, हा समज त्यातून दृढ झाला.

प्राणहितेच्या खोऱ्यातील अहेरी परिसरात मराठी, तेलुगू व गोंडी (माडिया) या भाषा शेजारी नांदतात, आणि भात हे तेथील मुख्य अन्न होय. अशा ठिकाणी हा समज विशेष घातक ठरतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात व त्यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. चहातील साखर वर्ज्य करून दोन्ही वेळा ताटभर भात खाणाऱ्यास आपण पथ्य पाळले असे वाटते. रक्तातील ग्लुकोजच्या दृष्टीने मात्र फारसा फरक पडलेला नसतो. भात अजिबात सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. त्याचे प्रमाण कमी करून डाळ व भाजी यांचे वाढवावे, हे महत्त्वाचे. कोदो-कुटकीत तंतू अधिक असले, तरी पिष्ट त्यांतही आहेच. म्हणून तेथेही माप हवे.

‘पथ्य’ या शब्दाचाही असाच संकोच झाला आहे. तो ‘पथिन्’ म्हणजे मार्ग या शब्दापासून बनला असून शरीराच्या मार्गास न सोडणारे व मनास रुचणारे ते पथ्य, असे चरकसंहितेत म्हटले आहे. आजच्या मराठीत मात्र पथ्य म्हणजे काय खाऊ नये याची यादी, तीही औषध चालू असेपर्यंतची. मधुमेहात ही कल्पना अपुरी पडते, कारण तो बहुधा आयुष्यभर सोबत राहणारा विकार आहे.

प्राचीन ग्रंथांची दृष्टी याहून व्यापक होती. प्रमेहाची कारणे सांगताना चरकसंहितेत गुळाच्या पदार्थांबरोबरच नवे धान्य, बैठे सुख व निद्रासुख यांचाही उल्लेख येतो. सुश्रुतसंहितेत निर्धन रोग्यास १०० योजने पायी चालावयास सांगितले आहे. हे उपचाराचे प्रमाण नव्हे. परंतु आहार व विहार यांची जोड त्यात अभिप्रेत आहे. तिला आधुनिक संशोधनाचाही आधार आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायाम यांतील बदलांमुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

मधुमेह हा स्थूल माणसाचाच रोग, हा समजही टिकणारा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून नजीकच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील नवजात बालके वजनाने कमी, परंतु त्या मानाने अधिक मेदयुक्त आढळली. कृश दिसणाऱ्यानेही म्हणूनच रक्त तपासून घेतले पाहिजे. अशा कृश रोग्यास उपाशी राहण्याचा सल्ला देणे तर अपायकारकच.

‘साखर’ या नावाने होणारा आणखी एक घोटाळा जिवावर बेतू शकतो. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकविल्यास ग्लुकोज एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, भान हरपते. त्या वेळी, रोगी शुद्धीवर व गिळण्यास समर्थ असेल तर, साखरपाणी हाच तातडीचा उपाय होय. साखर म्हणजे विष, एवढेच शिकलेले घर त्याच क्षणी ती नाकारण्याचा संभव असतो.

सारांश, ‘साखर सोडा’ हे वाक्य सुटसुटीत असले तरी अपुरे आहे. ‘ताटातील भात मोजा, रोज चाला, औषध व जेवण चुकवू नका’ हा उपदेश अहेरीत मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषांत, त्या त्या भाषेच्या स्वाभाविक शब्दांत पोहोचला पाहिजे. उपदेशाची भाषा हा येथे उपचाराचाच एक भाग ठरतो.