आकसलेल्या नकाशातला ओढा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर तळाशी दोन गोष्टी शेजारीशेजारी छापलेल्या असतात: १:५०,००० हे प्रमाण आणि किलोमीटरची मोजपट्टी. कागदावर दोन्ही एकच गोष्ट सांगतात. तोच नकाशा स्कॅन करून पुस्तकाच्या पानात बसवला की त्यांची फारकत होते. मोजपट्टी नकाशाबरोबर आकसते, म्हणून खरी राहते. आकड्यांत लिहिलेलं प्रमाण मात्र त्या क्षणी चुकीचं होतं, तरी तसंच छापलं जातं. गडकिल्ल्यांच्या आणि नदीखोऱ्यांच्या पुस्तकांत असे नकाशे दिसले की मला वाईट वाटतं. लेखकाने पायपीट करून गोळा केलेली माहिती शेवटच्या टप्प्यावर, संगणकावरच्या एका खिडकीत टक्केवारी टाकताना बिघडलेली असते.

मुळात हे स्कॅन अवाढव्य असतात. १:५०,००० चा टोपोशीट अक्षांश-रेखांशाची प्रत्येकी १५ मिनिटं व्यापतो. पुण्याच्या आसपास ही चौकट कागदावर साधारण ५५ बाय ५३ सेंटिमीटर भरते. ६०० डीपीआयने स्कॅन केली तर १३,००० बाय १२,५०० पिक्सेल होतात, म्हणजे सव्वासोळा कोटी. रंगीत प्रतिमेत दर पिक्सेलला तीन बाइट धरले तर जवळपास ४९० एमबी. एक पिक्सेल जमिनीवरची सुमारे दोन मीटर जागा दाखवतो. पायथन भाषेतलं पिलो हे लोकप्रिय साधन ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या पुढची प्रतिमा दिसली की हा संगणक बंद पाडायचा डाव असू शकतो, असा इशारा देतं. आपला साधा टोपोशीट त्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. कितीतरी टोपोशीट जोडून आख्ख्या जिल्ह्याचा नकाशा केला, तर जेपेगची एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलची आणि साध्या टिफची ४ जीबीची मर्यादाही आड येते. तेव्हा टिफचं मोठं रूप, बिगटिफ, वापरावं लागतं.

प्रतिमा लहान करणाऱ्या साधनांतला खरा फरक संगणकाच्या मेमरीच्या वापरात आहे. इमेजमॅजिक १९८७ पासूनचं, हरकामी. पण ते सहसा सगळी प्रतिमा आधी उलगडून ठेवतं, आणि दर पिक्सेलला आठ ते सोळा बाइट खातं. टोपोशीटला दीड-दोन जीबी सहज लागतात. लिबविप्सची रीत वेगळी. १९९० च्या सुमारास व्हसारी या युरोपीय प्रकल्पातून, संग्रहालयांतल्या चित्रांच्या प्रचंड प्रतिमांसाठी ते घडलं. ते प्रतिमा पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं, लागेल तेवढाच भाग हातात घेतं, काम झालं की सोडून देतं. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला मी आधी हेच सुचवीन. आणि जीडॅल हे तर नकाशांसाठीच जन्मलेलं. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली ते सुरू केलं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही तेच काम करतं.

पण साधन कुठलंही घ्या, खरा प्रश्न पुढे आहे. नकाशा दहापट लहान करायचा म्हणजे शंभर पिक्सेलच्या जागी एक ठेवायचा. तो कुठला? सगळ्यात सोपी रीत म्हणजे दर दहा ओळींतली एक, दर दहा स्तंभांतला एक उचलायचा. नकाशावरची समोच्च रेषा स्कॅनमध्ये तीन-चार पिक्सेल जाड असते. आडवी रेषा या चाळणीत एक तर पूर्ण राहते, नाहीतर पूर्ण जाते. तिरकी रेषा तुटक होते. आणि तुटक रेषेला नकाशात स्वतंत्र अर्थ असतो! पक्का रस्ता पायवाट होऊन बसतो. सरासरी काढणारी रीत रेषा तोडत नाही, फिकट करते. नकाशासाठी बहुतेक वेळा मला हीच बरी वाटते. लँक्झोस रीत कडा धारदार ठेवते, पण काळ्या अक्षरांभोवती पांढुरकी प्रभा उमटवते. छायाचित्रात ती खपून जाते, सहा पॉइंटच्या गावनावाभोवती खुपते.

सरासरीलाही मर्यादा आहेत. जमीनवापराच्या नकाशात १ म्हणजे जंगल, ३ म्हणजे वस्ती असे आकडे असतील, तर सरासरी २ येईल, आणि २ म्हणजे कदाचित तळं. तिथे बहुमताने पिक्सेल निवडावा लागतो. मोजक्या रंगांच्या तक्त्यावर साठवलेल्या स्कॅनचंही तसंच. आधी खरे रंग उलगडून घ्यायचे, मग लहान करायचं.

हे मी एका गावनकाशावर शिकलो. एका छोट्या गावाच्या इतिहासपुस्तकात तो छापायचा होता. स्कॅन निव्वळ काळा-पांढरा, एका पिक्सेलला एक बिट. ए-शून्य आकाराचा कागद ४०० डीपीआयने असा साठवला तर पंचवीस कोटी पिक्सेल अवघ्या ३१ एमबीत मावतात, म्हणून कार्यालयांना ही पद्धत सोयीची. मी तो थेट दहापट लहान केला. बांध तुटले, गटनंबरांच्या आठाचे तीन झाले, आणि गावाच्या मधून जाणारा ओढा अर्ध्या शिवारात गायब झाला. मग आधी प्रतिमा करड्या छटांत बदलली, त्यानंतर सरासरीने लहान केली. ओढा परत आला.

त्याच कामात दुसरी चूक ध्यानात आली. नकाशाला जमिनीवरचे निर्देशांक जोडलेले होते, सोबतच्या सहा ओळींच्या वर्ल्ड फाइलमध्ये. पहिली ओळ सांगते, एक पिक्सेल म्हणजे किती मीटर. शेवटच्या दोन ओळींत वरच्या डाव्या पिक्सेलच्या मध्याची जागा असते. चित्र संपादकात नकाशा निम्मा केला, तर त्या फाइलला याची खबरही लागत नाही. पाच मीटरचा पिक्सेल दहाचा होतो, त्याचा मध्य अडीच मीटर सरकतो, आणि जुनी फाइल लावलेला नकाशा जमिनीच्या निम्म्याच लांबी-रुंदीवर पसरतो. जीडॅलने लहान केलं की हे आकडे आपोआप बदलतात. निर्देशांक असलेला नकाशा चित्र संपादकात उघडूच नये, या मताचा मी आहे.

पडद्यावर पाहण्यासाठी तर नकाशा एकदाच लहान करून भागत नाही. निम्मा, पाव, अष्टमांश अशा प्रती आधीच करून ठेवतात. या पिरॅमिडला जागा मूळच्या फक्त एक तृतीयांश जास्त लागते. वेबवरचे नकाशे सहसा हाच पिरॅमिड २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइलांत कापतात. शून्य पातळीवर साऱ्या जगाची एक टाइल, अठराव्या पातळीवर ६,८७१ कोटींहून जास्त. क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ या फाइल-प्रकारात हे सगळं एकाच फाइलीत असतं. आपण पाहत असलेला तुकडाच दूरच्या संगणकावरून येतो.

इतकं करूनही संगणकाने लहान केलेला नकाशा लहान प्रमाणाचा नकाशा होत नाही. जुने नकाशाकार काही गावं गाळत, रस्ता खऱ्या रुंदीपेक्षा जाड काढत, नदीला खेटलेला लोहमार्ग किंचित बाजूला सरकवत. नकाशातज्ज्ञ फ्रीड्रिश ट्योफर यांच्या वर्गमुळाच्या नियमाप्रमाणे १:५०,००० वरून १:२,५०,००० वर जाताना शंभरातल्या सुमारे ४५ गोष्टी ठेवाव्यात. कुठल्या ४५, हे नियम सांगत नाही. सरासरी शंभरच्या शंभर ठेवते आणि सगळ्यांनाच पुसट करते.

त्या गावनकाशावरची नावंही अशीच पुसट झाली होती. मग लहान केलेली प्रतिमा क्यूजीआयएसमध्ये तळाला फिकी करून ठेवली. छापील प्रमाण काढून फक्त मोजपट्टी राहू दिली. गावातल्या एका आजोबांना शेजारी बसवून विचारलं, काय काय राहायला हवं? त्यांनी गटनंबर सोडून दिले. देवराई सांगितली, जुनी पाणंद सांगितली, दोन विहिरी सांगितल्या, आणि ओढा. त्याचं नाव मी निळ्या अक्षरांत, वळणाला धरून, नव्याने लिहिलं.