ॲपच्या पोटातील यादी

बियाण्याची पिशवी आणि मोबाईलमधील ॲप यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडेल. परंतु अपरिचित विषय समजून घ्यावयाचा तर परिचित वस्तूपासून आरंभ करणे बरे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. त्यावर पीक, वाण, लॉट नंबर अशी माहिती छापलेली असते. आपल्याकडे बियाण्यांचा कायदा १९६६ साली झाला; पिशवीत काय आहे ते पिशवीवर लिहिलेच पाहिजे, हे त्यातील एक मुख्य सूत्र होय. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यात मोठ्या संख्येने आल्या. अशा वेळी ज्याच्या हाती पावती आणि टॅग असतो, त्याला आपले म्हणणे लॉट नंबरानिशी मांडता येते. टॅगमुळे बी उगवत नाही हे खरे. पण न उगवल्यास दोष कोठे शोधावा, हे टॅगमुळेच कळते.

आता मोबाईलकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढते. ती नोंद चुकली किंवा बुडाली तर भरपाईच्या वेळी शेतकऱ्याचेच नुकसान. बँकेचे ॲप असो, रेल्वेच्या तिकिटाचे असो, की पिकाच्या नोंदीचे असो. आपला व्यवहार त्याच्यावर सोपवताना ते कशाचे बनले आहे हे विचारण्याचा हक्क आपणास आहे.

ते कशाचे बनलेले असते? कोणत्याही ॲपमधील सगळा मजकूर त्याचा निर्माता स्वतः लिहीत नाही. नकाशा दाखवणे, फोटो लहान करणे, माहिती दूरच्या यंत्राकडे पाठवणे, या कामांचे तयार भाग दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवलेले असतात. या धंद्यात त्यांना ‘लायब्ररी’ म्हणतात. आणि आपले ॲप ज्या भागांवर विसंबून आहे ते त्याच्या ‘डिपेंडन्सी’. अँड्रॉइड फोनसाठी हे सर्व भाग गोळा करून एकत्र बांधण्याचे काम बहुधा ‘ग्रॅडल’ नावाची बांधणी-व्यवस्था करते. निर्माता एका फाईलमध्ये मागणी लिहितो, आणि ग्रॅडल ते भाग इंटरनेटवरील सार्वजनिक भांडारांतून आणते.

खरी गुंतागुंत येथून पुढे सुरू होते. आपण मागितलेल्या भागाला स्वतःचे आणखी चार भाग लागतात, आणि त्या चारांना आणखी काही. लग्नाच्या आमंत्रणासारखेच हे आहे. पत्रिका एकाला द्यावी आणि पंगतीला अख्खे घर यावे. निर्मात्याने दहा नावे लिहिली तरी बांधणीच्या वेळी शंभर भाग आत येऊ शकतात, आणि त्यांतील कित्येकांची नावे त्याने ऐकलेलीही नसतात. शिवाय दोन भाग एकाच तिसऱ्या भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागतात. अशा वेळी ग्रॅडल सामान्यतः मोठ्या क्रमांकाची आवृत्ती निवडते. ही निवड पहिल्या भागाला मानवेलच, असे नाही.

म्हणून यादी नेमकी हवी. दुकानात जाऊन ‘भेंडीचे बी द्या’ म्हणणे निराळे आणि आपल्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण लॉट नंबरासह मागणे निराळे. मागणीत ‘जी नवी असेल ती आवृत्ती’ असे लिहिले तर आज बांधलेले ॲप आणि महिन्याने बांधलेले ॲप यांत फरक पडतो, आणि मूळ मजकुरात तर एक अक्षरही बदललेले नसते. यावर उपाय दोन. एक म्हणजे, प्रत्येक भागाचे नाव आणि आवृत्ती कुलूपबंद करून ठेवावयाची. दुसरा, प्रत्येक भागाचा गणिती ठसा नोंदवावयाचा. भागातील एक अक्षर जरी कोणी बदलले तरी हा ठसा जुळत नाही, आणि बांधणी तेथेच थांबते. ही पडताळणी ग्रॅडलमध्ये २०२० सालापासून उपलब्ध आहे.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे पाहू. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक भाग त्याच्या लेखकाने नावावरून झालेल्या वादात भांडारातून काढून घेतला. तो अवघ्या अकरा ओळींचा होता. तरी त्याच्यावाचून जगभर हजारो कामे एकाएकी अडली. पुष्कळांना आपण त्या भागावर विसंबून आहोत याची कल्पनाही नव्हती. दुसरे उदाहरण डिसेंबर २०२१ चे. ‘लॉग-फोर-जे’ हा नोंदवही ठेवणारा भाग असंख्य सेवांच्या मागील यंत्रांत होता. त्यात असे छिद्र सापडले की बाहेरच्या माणसाने विशिष्ट मजकूर पाठवला तर ते यंत्र त्याची आज्ञा पाळू लागे. दुरुस्त आवृत्ती लवकरच निघाली. पण ‘तो भाग आपल्याकडे कोठे कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देता देता कित्येक संस्थांचे आठवडे गेले. ज्यांनी यादी ठेवली होती त्यांचा शोध तिथेच संपला.

तेव्हा यादी असावी याबद्दल फारसा मतभेद नाही. वाद आहे तो यादी कोणी वाचावी याचा. २०२० साली गूगलने अँड्रॉइडच्या बांधणी-साधनात एक नवी सोय घातली. ॲपवर निर्मात्याची जी सही असते, तिच्या कप्प्यात सर्व भागांची यादी आपोआप ठेवली जाते. पण ती गूगलच्या किल्लीने बंद केलेली असते. एखादा भाग धोक्याचा निघाला तर प्ले स्टोअरवरून निर्मात्याला तसे कळवता यावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो उपयोगाचा आहे यात शंका नाही. परंतु ती यादी ना ॲप वापरणाऱ्याला वाचता येते, ना निर्मात्याला तो कप्पा उघडून पाहता येतो. मुक्त ॲपांचे ‘एफ-ड्रॉइड’ नावाचे भांडार २०१० पासून चालू आहे; त्यांचा आक्षेप याच गोष्टीला आहे. ज्याला हा कप्पा नको असेल त्याला बांधणीच्या फाईलमध्ये दोन ओळी लिहून तो बंद करता येतो. टॅग पिशवीवर असावा पण तो फक्त दुकानदाराने वाचावा, अशातला हा प्रकार आहे.

आपल्या देशात सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सरकारी खाती, सार्वजनिक उद्योग आणि अत्यावश्यक सेवा यांच्यावर त्यांचा विशेष भर आहे. सूचना चांगल्या आहेत. परंतु विचारणारा कोणी असल्यावाचून सूचना कागदावरच राहतात. नगरपालिका, बँक, बाजार समिती किंवा पतसंस्था ॲप बनवून घेते तेव्हा कंत्राटात तीन प्रश्न असावेत. ॲपमधील सर्व भागांची, आवृत्त्यांसह, वाचता येईल अशी यादी आम्हाला मिळेल काय? प्रत्येक नव्या बांधणीबरोबर ती नवी होईल काय? आणि एखादा भाग सदोष निघाल्यास तो किती दिवसांत बदलला जाईल? हे विचारण्यास संगणकशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. पावती, पिशवी आणि टॅग कापणीपर्यंत जपून ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्यातले मर्म केव्हाच समजलेले आहे.