प्रांतिक नोटा आणि लोकांची पत

हुंडी कागदावर चालत नाहीं, पेढीच्या पतीवर चालते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. राज्याच्या नोटेचीही गोष्ट तीच. आणि राज्यच संकटांत सांपडलें म्हणजे त्या पतीची खरी कसोटी लागते. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धांतील दाखला या कामीं मननीय आहे.

१९४५ च्या ऑगस्टांत त्या राष्ट्रानें स्वातंत्र्य पुकारलें व पुढील वर्षाच्या ऑक्टोबरांत स्वतःची नोट काढली. दहा रुपिया म्हणजे पांच ग्रॅम शुद्ध सोनें, असें कायद्यानें ठरलें. परंतु जुलै १९४७ मध्यें डच फौजांनीं चढाई करून मुलुखाचे तुकडे पाडले. मध्यवर्ती सरकारच्या नोटा दूरच्या प्रांतांस पोंचेनात. शिपायांस पगार व शेतकऱ्यांस भाताचें मोल द्यावयाचें कशानें? तेव्हां प्रांताधिकाऱ्यांस तात्पुरत्या नोटा काढण्याची मुभा देण्यांत आली. सुमात्रांत, जावांतील बांतेन भागांत व इतरत्र अशा नोटा निघाल्या. कागद हलका, छपाई ओबडधोबड, भाव नित्य घसरता. तरीही लोकांनीं त्या घेतल्या.

कोणी म्हणेल, ही निव्वळ चलनवाढ; महागाई तिच्या पाठोपाठ यावयाचीच. आक्षेप खोटा नाहीं. पण कर वसूल करावा तर मुलूख शत्रूच्या ताब्यांत, आणि कर्ज काढावें तर सावकार कोठें आहे? आमच्या मतें ती नोट हेंच कर्ज होतें. तांदूळ देऊन ती घेणाऱ्यानें राष्ट्रास विनातारण, विनाव्याज रक्कम दिली.

डिसेंबर १९४९ मध्यें डचांनीं सत्ता सोडली. १९५० मध्यें जुन्या नोटा परत घेण्यांत आल्या, त्या प्रजासत्ताकाच्या १२५ रुपियांस नवा एक या दरानें. प्रांतिक नोटांचे दर प्रांतपरत्वें निराळे होते. कायद्यानें देणें फिटलें. न्यायानें फिटलें काय? ज्याजवळ जमीन अगर सोनें होतें तो तगला; ज्यानें विश्वासानें नोटा सांठविल्या त्यालाच तोशीस लागली.

सबब, संकटकाळीं नोटा काढणाऱ्या सरकारनें किती काढल्या याची चोख नोंद ठेवावी, ती लोकांपुढें मांडावी, आणि सुदिन येतांच लहान धारकाचें देणें प्रथम वारावें. लढणाऱ्यांचीं स्मारकें उभीं राहतात, तीं राहोत; पण ज्यांच्या विश्वासावर तो लढा चालला, त्या निनांवी धनकोंस राष्ट्रानें आपल्या खातेवहींतून वगळूं नये.