कोळशाचे खांब आणि पायाखालची माती

गुडीहत्नूरच्या शिवारातला काळा, टणक कातळ ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांना पूर्वेकडील बेल्लमपल्ली व मंदमर्री या २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याच्याच हद्दीत मोडणाऱ्या गावांखालचा भूगर्भ किती भिन्न आणि किती दुर्बल आहे, याची सहसा कल्पना येत नाही. तेथे, प्राणहिता–गोदावरीच्या खोऱ्यात, वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर यांच्यामध्ये दगडी कोळसा आहे. सिंगरेणीच्या भूमिगत खाणींत गॅलऱ्या खणताना त्याच कोळशाचे चौकोनी पिलर मागे राखून त्यांवर छत तोलून धरण्याची वहिवाट पडली.

१५० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३७५ टन भार असतो. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांतील कोष्टकाप्रमाणे या खोलीपर्यंत, गॅलरी ४.८ मीटर रुंद असल्यास, दोन पिलरच्या मध्यांतील अंतर किमान २५.५ मीटर ठेवावे लागे. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश कोळसा जागीच राहून त्यावरील भार दर चौरस मीटरला जवळजवळ ५७० टनांवर जातो.

पिलरच्या कडा प्रथम ढासळतात. परंतु रुंदी पुरेशी असेल तर भोवतालचा तडकलेला भाग आतल्या गाभ्याला आवळून धरतो आणि गाभा टिकतो, म्हणून दुर्बल खडकात उंचीच्या मानाने रुंदी वाढविणे हाच खरा उपाय होय. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत पिलर एकामागून एक कोसळून ४३५ कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ उदाहरणांचा तपशील घेऊन १९६७ साली पिलरच्या सामर्थ्याचे सूत्र बसविले. आपल्या कोष्टकात मात्र खोली आणि गॅलरीची रुंदी यांचाच हिशेब होता, खडकाच्या बळाचा नव्हे. म्हणून ते किमान मर्यादा मानावे, अंतिम निर्णय मानू नये, असे मला आग्रहाने वाटते. धनबादच्या संशोधकांनी मांडलेल्या सूत्रात कोळशाचे प्रयोगशाळेत मोजलेले सामर्थ्य धरले जाते.

तथापि पिलर अभंग राहूनही खाण बिघडते. खाली ओली चिकणमाती असेल तर पिलर तीत रुततो, गॅलरीची जमीन फुगून वर येते आणि छत तडकते. अशा जागी पिलरची रुंदी वाढवून भार पसरविण्याबरोबरच पाणी वेळीच उपसण्याचा, तसेच फुगवट्याची दर पाळीत सिरदाराकरवी नोंद ठेवण्याचा बंदोबस्त आराखड्यातच करावा लागतो.